कानपिळी हुकवू नका: मुंबईत लग्नाच्या फोटोग्राफीचा धंदा उभा करताना

माझ्या नावावर घेतलेल्या पहिल्याच लग्नात कानपिळी हुकली. दादरचा हॉल, लाजाहोम चाललेला. धुराने लेन्स धूसर झाली म्हणून ती पुसायला मी खाली वाकलो, आणि तेवढ्यात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळून, पाकीट खिशात घालून जागा सोडलीसुद्धा. दहा सेकंदांचा मामला. अल्बम द्यायला गेलो तेव्हा नवरीच्या आईने तो दोनदा चाळला, "छान झालाय" म्हणाल्या आणि चहा दिला. भांडण नाही, पैसे कापणं नाही. पण त्या घरात पुढच्या तीन वर्षांत तीन लग्नं झाली आणि एकाही लग्नासाठी मला फोन आला नाही.

मुंबईत दिवाळी झाली की ज्याच्या हातात कॅमेरा तो वेडिंग फोटोग्राफर. या गर्दीतून वर यायला लोक महागडी बॉडी घेतात, ड्रोन घेतात, इन्स्टाग्रामवर पैसे ओततात. माझं मत वेगळं आहे. आपलं पुढचं काम आजच्याच हॉलमध्ये, मागच्या रांगेत अक्षता हातात घेऊन बसलेलं असतं. ती नवरीची मावशी असते, तिच्या मुलीचं पुढच्या वर्षी ठरायचं असतं, आणि ती तुमच्याकडे बघत असते. पुढचं सगळं तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

आधी आपला बाजार ठरवा

मुंबईत लग्नाचा एकच बाजार नाही. घाटकोपर-कांदिवलीची गुजराती-मारवाडी लग्नं, जुहूच्या हॉटेलांतली लग्नं, वसई-गोराईकडची चर्चमधली, नवी मुंबई-उरण पट्ट्यातल्या आगरी-कोळ्यांच्या रात्रभर चालणाऱ्या हळदी, आणि गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवलीच्या हॉलमधली मध्यमवर्गीय मराठी लग्नं. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, पैसे देण्याची रीत वेगळी, आणि फोटोत काय हवं तेही वेगळं. पहिली दोन वर्षं एकच निवडा. ज्या समाजाचे विधी तुम्हाला न विचारता कळतात, तो.

दोन प्रकारची कामं मात्र बहुतेक जण सोडून देतात. एक, नोंदणी विवाह. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे तारीख आधी कळते, आणि मुहूर्ताचा प्रश्न नसल्याने ही लग्नं भर पावसाळ्यातही होतात. तीन तासांचं काम: कार्यालय, बाहेरचे फोटो, जेवण. दुसरी, बौद्ध पद्धतीची लग्नं. मुंबईत ती भरपूर होतात, आणि आपले बरेच फोटोग्राफर तिथे जाऊन अंतरपाट शोधत उभे राहतात. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार हा क्रम ज्याला माहीत आहे, त्याला त्या वस्तीत जाहिरात करावी लागत नाही.

पंचांग उघडा, मग दर काढा

नवा माणूस दर काढतो तो शेजाऱ्याचा बघून. शेजारी पन्नास म्हणतो, मग मी पंचेचाळीस. असं करत दोघंही बुडतात.

आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू. मध्ये पौष, जो पुष्कळ घरं टाळतात. गुरू किंवा शुक्राचा अस्त असेल तर तेवढे आठवडे कोरडे. शिवाय अधिक मास: २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे मुलांच्या सुट्टीतला ऐन हंगामाचा महिना अर्ध्यावर कापला गेला. आणि जे मुहूर्त असतात त्या दिवशी सगळ्यांचीच लग्नं असतात. तुम्ही एका वेळी एकाच हॉलमध्ये उभे राहू शकता. माझ्या डायरीत वर्षाला पस्तीस-चाळीसच्या वर कामाचे दिवस कधी भरले नाहीत.

आता हिशेब. हे आकडे उदाहरणाचे, तुमचे तुम्ही घाला. दोन बॉडी आणि लेन्स मिळून ६ लाख, चार वर्षं टिकतील असं धरलं तर वर्षाला दीड लाख. जागेचं भाडं, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, विमा, वीज, फोन धरून आणखी दीड लाख. घरखर्च वर्षाला ६ लाख. झाले ९ लाख. कामाचे दिवस ३६. म्हणजे कॅमेरा खांद्याला लावून घराबाहेर पडण्याचेच दिवसाला २५,००० पडतात.

हळद आणि लग्न असं दोन दिवसांचं काम घ्या. तुमचे ५०,०००. सोबतचा फोटोग्राफर दिवसाला ५,०००, व्हिडिओवाला ६,०००. दोघांचे दोन दिवसांचे २२,०००. व्हिडिओ एडिटिंग १०,०००, अल्बम १२,०००, टॅक्सी-खाणं ३,०००. बेरीज ९७,०००. हेच काम तुम्ही ६० हजारांत घेतलंत, तर ३७ हजार रुपये पदरचे घालून दुसऱ्याच्या मुलीचं लग्न लावून दिलंत.

सुरुवातीला ९७ कुणी देणार नाही, हे खरं. तेव्हा दर पाडू नका, काम कमी करा. "साठमध्ये लग्नाचा एकच दिवस, फक्त फोटो, एक अल्बम" असं सांगा. हळद हवी तर वेगळे. एकदा सगळं साठमध्ये दिलंत की मावशीला साठच माहीत होतात, आणि ती पुढच्या चारजणींना तेच सांगते.

एक सीझन दुसऱ्याच्या हाताखाली

नोकरी सोडू नका. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंतचा एक सीझन एखाद्या जुन्या फोटोग्राफरकडे सेकंड शूटर म्हणून जा. वीस लग्नं तरी करा. पैसे कमी मिळतील, बॅगा उचलाव्या लागतील. पण गर्दीत फोटोग्राफरने तोंड कसं चालवायचं, आजोबांना खुर्चीवरून कसं उठवायचं आणि चिडलेल्या वरमाईला कसं हसवायचं, हे कुठल्याही ऑनलाइन कोर्सात शिकवत नाहीत. त्या फोटोग्राफरचे फोटो त्याला न विचारता स्वतःच्या नावाने टाकू नका. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि ऐन मुहूर्ताला तुम्हाला ताप आला तर उभा राहणारा माणूस याच ओळखीतला असतो.

विधी माहीत हवेत, आणि उभं राहायची जागाही

खरा फरक इथे पडतो, म्हणून जरा रेंगाळतो.

आदल्या दिवशी गुरुजींना फोन करा. तीन प्रश्न पुरतात: मंगलाष्टकं किती वाजता सुरू करणार, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, आणि कन्यादान मुहूर्ताआधी की नंतर. मुंबईतल्या घाईत गुरुजीही क्रम पुढेमागे करतात. विचारलं की त्यांना बरं वाटतं, आणि मंगळसूत्र घालताना ते स्वतः थोडं सरकून उभे राहतात. "गुरुजी, परत एकदा घालायला सांगा" असं मात्र चारचौघांत कधीही म्हणू नका. मंगळसूत्र दोनदा घालायला लावणारा फोटोग्राफर त्या खानदानात कायमचा लक्षात राहतो.

गौरीहराशी बसलेली नवरी हा सगळ्या लग्नातला सर्वात शांत फोटो. पिवळी अष्टपुत्री, समोर अन्नपूर्णा, बाहेर सनईचा गोंगाट. तिथे मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधी जा, फ्लॅश बंद ठेवा, तिच्याशी बोलू नका. मामा घ्यायला आले की उलट पावलांनी त्यांच्यापुढे चालत मंचापर्यंत या. वाट आधी मोकळी करून ठेवा, नाहीतर केटरिंगवाल्याच्या टेबलावर पडाल. मी पडलोय.

अंतरपाटाला दोन माणसं हवीतच. एक नवरीच्या चेहऱ्यावर, एक नवऱ्याच्या. शेवटच्या "सावधान"नंतर पडदा हटतो, अक्षतांचा मारा होतो आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस उडणाऱ्या तांदळावर जातो. म्हणून आठवं मंगलाष्टक चालू असतानाच चेहऱ्यावर फोकस धरून कुलूप लावा. पाहुण्यांचे मोबाइल मध्ये येणारच. त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा मंचावर अर्धा फूट उंच स्टूल घेऊन जा.

कानपिळीसाठी भाऊ कोण ते सकाळीच ओळखून ठेवा आणि होमाला सुरुवात झाली की त्याच्यावर नजर ठेवा, नवऱ्यावर नाही. सप्तपदीला कॅमेरा जमिनीलगत. लक्ष्मीपूजनात नवरा अंगठीने ताटातल्या तांदळात नाव लिहितो, तो वरून. ऐरणीदानाला, म्हणजे झाल डोक्यावर ठेवताना, नवरीचे वडील इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सोडून देतात. तिथे लांबची लेन्स लावा आणि चार पावलं मागे व्हा. तो फोटो जवळून काढणं बरं दिसत नाही.

गृहप्रवेश चाळीत किंवा वन-बीएचकेत असेल तर १६-३५ मिमीच्या रुंद लेन्सशिवाय गत्यंतर नाही. नवरीच्या आधी घरात शिरा, माप आणि उंबरा समोर येईल असे बसा, आणि नणंद दार अडवणार असेल तर तिला उजेडाकडे तोंड करून उभी करा.

जातीपातीप्रमाणे, गावाप्रमाणे रीत बदलते. देवक वेगळं, हळदीची वेळ वेगळी. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवळे, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणते. डीजेच्या नादात तिचा एकही फोटो नसलेले अल्बम मी पाहिलेत. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, "आजी, तुमच्याकडे काय काय करतात?" अर्धा तास जाईल, पण तुमची यादी तयार होईल आणि आजी तुमच्या बाजूने होईल.

सामान

थोडक्यात. दोन बॉडी, दोन्हीत दोन कार्डांची सोय, आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो जाईल अशी सेटिंग. २४-७०, एक ८५, दोन फ्लॅश. बाकीचं भाड्याने मिळतं. कॅमेऱ्याची दुकानं फोर्टात बोराबाजाराच्या आसपास. सेकंड हँड घेताना लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघा.

बुरशी हा मुंबईचा खास शत्रू. जून ते सप्टेंबर सामान बॅगेत पडून राहिलं तर गेलंच समजा. ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नाहीतर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. दुसरा त्रास वैशाखात: एसी हॉलमधून वरातीला बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते. वरातीच्या पंधरा मिनिटं आधी एक कॅमेरा बंद बॅगेतच बाहेर नेऊन ठेवा.

हॉलच्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद. जांभळ्या दिव्यांपुढे मात्र काही चालत नाही. डेकोरेटरला गोड बोलून विधी होईपर्यंत ते बंद करायला लावा.

बैठक आणि करारपत्र

फोनवर "रेट काय?" विचारलं तर आकडा टाळू नका, पण लगेच विचारा: तारीख, हॉल, माणसं किती, हळद कुठे. मग घरी जा. मुलगा-मुलगी रील दाखवतील. पैसे वडील देतील. निर्णय बहुधा आई किंवा आत्या घेईल. त्यांच्यासमोर फोनमधले निवडक चाळीस फोटो ठेवू नका. एका लग्नाचा पूर्ण अल्बम, पंगतीतल्या आजोबांपासून रुखवताच्या टेबलापर्यंत, त्यांच्या हातात द्या. "यात माझी माणसं दिसतील का?" एवढंच त्या बघत असतात.

मग मराठीत दोन पानांचं करारपत्र. तारखा, तास, माणसं, किती फोटो, अल्बमची किती पानं, व्हिडिओ किती मिनिटांचा, कधी देणार. पैसे तीन भागांत: तारीख ठरवताना ३० टक्के, लग्नाच्या आठवडाभर आधी ५०, अल्बम छापायला जाण्यापूर्वी २०. लग्नाच्या दिवशी पैसे मागायचे नाहीत, वडील त्या दिवशी आधीच वाकलेले असतात. लग्न पुढे गेलं, मोडलं, फोटोग्राफर आजारी पडला, तर काय, तेही लिहा. आमच्यात मोडलेल्या लग्नाबद्दल बोलणं अशुभ मानतात, म्हणून मी "तारीख बदलल्यास" एवढाच मथळा देतो.

एक कलम बहुतेकांकडे नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तुम्ही नाही. म्हणजे त्यांच्या मुलीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायलाही लेखी परवानगी हवी. करारात स्पष्ट लिहा आणि नको असेल तर त्यांना तसं नोंदवायला चौकट ठेवा. नको म्हणणाऱ्या घराला कधी बोलू नका. मुलीचे फोटो परक्यांनी बघू नयेत असं वाटणारी माणसं मुंबईतही पुष्कळ आहेत.

लग्नाचा दिवस

मुंबईतला हॉल सकाळच्या सत्रासाठी घेतला असेल तर दुपारी रिकामा करावा लागतो; संध्याकाळची पार्टी दाराशी उभी असते. मुहूर्त १२ वाजून २३ मिनिटांचा असेल तर जेवणं आणि ग्रुप फोटोंना मिळून दीड तास उरतो. ग्रुप फोटो मुहूर्तावर सोडू नका. सीमांतपूजनानंतर, लोक ताजेतवाने असताना, जवळच्यांचे आटपून घ्या. दोन्हीकडून एकेक असा माणूस मागा ज्याला सगळे ओळखतात आणि ज्याचा आवाज मोठा आहे. बहुतेक घरांत एक काका असतोच.

लोकलने सामान नेऊ नका. ठाण्याहून दादरला सकाळी सातला पोहोचायचं तर साडेपाचला निघा. पंगतीत तुमच्या माणसांना कधी बसवणार ते आधी ठरवा, कारण जेवायला गेलेला व्हिडिओवाला आणि सुरू झालेला विहिणींचा उखाणा यांचं नातं फार जुनं आहे.

रात्री घरी आलात की झोपण्यापूर्वी दोन डिस्कवर कॉपी. एक डिस्क घरात, एक दुसऱ्या कुणाकडे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ, फाइल साधारण ३० एमबी. तीन हजार फोटो म्हणजे ९० जीबी. अल्बम घरी पोहोचेपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

अल्बम रखडू देऊ नका

धंद्याचा पैसा इथे अडकतो. तुम्ही दोन हजार फोटो पाठवता, नवरी म्हणते निवडून सांगते, मग ती पुण्याला जाते, सासूला काही फोटो नको असतात, आणि वर्ष उलटतं. पहिली निवड स्वतः करा: दीडशे फोटो, अल्बमच्या पानांवर मांडूनच पाठवा, आणि सांगा की दहा बदल फुकट, पंधरा दिवसांत. कोरी यादी भरण्यापेक्षा तयार पानातली चूक काढणं घरच्यांना सोपं जातं. आणि हो, मयत झालेल्या आजोबांच्या तसबिरीसमोर नमस्कार करतानाचा फोटो असेल तर तो कधीही गाळू नका.

काम कुठून येतं

लग्नाच्या रात्रीच दहा फोटो, नीट केलेले, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ द्या. पाहुणे अजून गाडीत असतात, गप्पा त्याच चाललेल्या असतात. त्या दहात मावशी हवी. त्याच दिवशीची ही मेहनत मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामं देऊन गेली.

हॉलचा मॅनेजर, गुरुजी, मेकअपवाली, मेंदीवाली, केटरर यांना त्यांच्या कामाचे चार चांगले फोटो पाठवत जा: मेंदीचा हात, ताटातली मांडणी. त्यांना ते हवेच असतात. काही ठिकाणी कमिशन मागतात. द्यायचं असेल तर दरात धरा, घरच्यांवर लपवून चढवू नका. रील टाकाल तर सिनेमाच्या गाण्याचे हक्क आठवा. धंद्याच्या खात्यावरून आवाजच गायब केला जातो. त्यापेक्षा मंगलाष्टकांचा, सनईचा, आजीच्या उखाण्याचा तिथलाच आवाज वापरा.

परवानग्या आणि कागद

प्री-वेडिंग हल्ली सगळ्यांना हवं. वसई किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, ट्रायपॉड लावायलाही परवानगी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन खात्याची. रेल्वे स्थानकात रेल्वेची. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट रविवारी सकाळी सहाला सगळ्यात सोपं. ड्रोनचं २०२१ च्या नियमांनी बघा: २५० ग्रॅमवरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळ, नौदल, पोलिसांचे वेळोवेळचे मनाई आदेश यांमुळे शहरात ते प्रकरण न परवडणारं. कर्जत-अलिबागच्या लग्नाला परवानाधारक माणूस भाड्याने घ्या.

उद्यम नोंदणी फुकट होते, ती करा. व्यवसाय कर वर्षाला २,५००. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी, १८ टक्के. त्या उंबरठ्याजवळ आलात की आधीच सीएकडे जा, कारण घरगुती गिऱ्हाईकाला तो कर परत मिळत नाही, त्याच्यासाठी तुमचा दरच तेवढा वाढतो.

चातुर्मासातल्या रिकाम्या महिन्यांसाठी माझी एक वही आहे. ज्यांचं लग्न केलं त्यांची तारीख, आणि खाली घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची नावं. श्रावण लागायच्या आठवडाभर आधी वहीतल्या नुकत्याच लग्न झालेल्या मुलींच्या घरी फोन लावतो: "काकू, यंदा पहिली मंगळागौर ना? कुठल्या मंगळवारी करताय?" रात्रीचा जागर, झिम्मा, फुगडी, आणि खेळायला आलेल्या सगळ्या मावश्या.